स्विच बायपास केल्यावर स्टोव्ह चालतोय, मग माझं मन का खातंय?

पत्र थोडक्यात असं: घरात पेलेट स्टोव्ह आहे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेलेट्सवर, म्हणजे छोट्या कांड्यांवर चालणारा), यंदा चौथा हिवाळा. पहिली तीन वर्षं बिनतक्रार गेली. यंदा मात्र काच दोन दिवसांत काळी होते, ज्वाळा लांबट आणि मरगळलेली दिसते, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी व्हॅक्यूमचा एरर दाखवून स्टोव्ह बंद पडतो. इंटरनेटवर वाचून इग्नायटर (आग पेटवून देणारा पार्ट) बदलला, फरक शून्य. मग धाकटे दीर आले. त्यांचा यंत्रांत हात चांगला. त्यांनी व्हॅक्यूम स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडून दिल्या आणि स्टोव्ह बंद पडायचा थांबला. आता बर्न पॉट (पेलेट्स जळतात ते भांडं) पेलेट्सनी ओसंडतो, पहाटे कधीकधी जळका वास येतो. नवरा म्हणतो, चालतंय ना, मग कशाला हात लावतेस? सासूबाई त्याच खोलीत झोपतात. मेकॅनिकला तीन आठवडे वेळ नाही. ‘राख मी रोज काढते, काच पुसते, त्यामुळे स्वच्छतेचा प्रश्न नाही. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण मन खातंय. नवा स्विच मागवू, की स्टोव्हच विकून टाकू? तसंही यंदा नव्या खिडक्या बसवल्यापासून घर बरंच ऊबदार राहतं.’

*

तुमचं मन खातंय ते उगीच नाही. म्हणून आधी काम, मग बोलणं. हे वाचताना स्टोव्ह पेटलेला असेल तर बटणाने बंद करा. प्लग उपटू नका, निखारे विझेपर्यंत धूर बाहेर ओढणारा पंखा फिरत राहायला हवा. खिडकी उघडा. आणि ती जोडलेली वायर निघून स्विच पुन्हा जागेवर येईपर्यंत स्टोव्ह पेटवायचा नाही. दुसरा हीटर आणा, सासूबाईंची झोपायची खोली बदला, काय ते करा. बाकी सगळ्या बाबतींत मी ‘बघा, विचार करा’ म्हणेन. इथे नाही.

का ते सांगतो. साध्या लाकडाच्या शेगडीत गरम धूर आपल्या आपण चिमणीत चढतो. पेलेट स्टोव्हची धुराची नळी बारीक असते, साधारण ७५ ते १०० मिलिमीटरची, आणि पुष्कळदा ती भिंतीतून आडवीच बाहेर काढलेली असते. त्यातून धूर आपण होऊन जात नाही, एक पंखा तो ओढून नेतो. या ओढीमुळे आगीच्या कप्प्यात खोलीपेक्षा किंचित कमी दाब राहतो. दाराला कुठे बारीक फट असलीच तर खोलीतली हवा आत जाते, आतला धूर बाहेर येत नाही. सगळी मदार या ओढीवर. आणि ती असते किती? मॉडेलप्रमाणे फरक पडतो, पण साधारण १० ते ५० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या हिशेबात दोन हजारावा ते दहा हजारावा भाग.

व्हॅक्यूम स्विचच्या पोटात एक पातळ पडदा असतो, आणि एक बारीक रबरी नळी त्याला ही ओढ पोचवते. ओढ आहे तोवर पडदा ताणलेला आणि संपर्क जोडलेला. ओढ घटली की संपर्क तुटतो, पेलेट्स ढकलणारा ऑगर (लांब फिरता स्क्रू) थांबतो आणि आग उपाशी पडून विझते. हा स्विच म्हणजे घरचा रखवालदार. तुमच्या दिरांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबला आहे.

आता काय होतंय? ओढ कमी पडली तरी ऑगर ढकलतोच आहे. हवा कमी, इंधन तेवढंच. पॉट भरत जातो, पेलेट्स जळायच्याऐवजी धुमसतात, आणि धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पहाटे तुम्हाला जो जळका वास येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा. त्या वासाने तुम्हाला जाग येते हे नशीब म्हणायचं. ढीग वाढत मागे सरकला तर आग ऑगरच्या नळीतून हॉपरकडे, म्हणजे पेलेट्स भरायच्या टाकीकडेही जाऊ शकते. कुणाला सकाळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर असं होत असेल, आणि घराबाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडा, मदतीला आणीबाणीच्या नंबरवर फोन करा आणि डॉक्टरांना ‘स्टोव्हचा धूर’ हे शब्द आवर्जून सांगा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात नसेल तर स्टोव्हच्या कुठल्याही पार्टच्या आधी तो घ्या. झोपायच्या खोलीजवळ लावा, स्टोव्हच्या अगदी डोक्यावर नको.

आता तुमच्या पत्राकडे वळू. तुम्ही गृहीत धरलेल्या तीन-चार गोष्टी मला जरा हलवून बघायच्या आहेत.

पहिली अशी, की एरर व्हॅक्यूमचा आला म्हणजे व्हॅक्यूम स्विच बिघडला, आणि तो वगळल्यावर स्टोव्ह चालला म्हणजे ते सिद्धच झालं. सिद्ध काहीच झालेलं नाही. स्विच खराब असता तरी वायर जोडल्यावर स्टोव्ह चालला असता, आणि स्विच ठणठणीत असून खरं बोलत असता तरीही चाललाच असता. दोन्हीकडे उत्तर एकच येत असेल तर ती परीक्षा कसली? थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून थर्मामीटर ड्रॉवरमध्ये टाकण्यातला हा प्रकार.

उलट पुरावा तुम्हीच पत्रात दिला आहे. तुमची काच काळी होते. आता सांगा, स्विच काच काळी करू शकतो का? त्याचा आगीशी संबंधच नाही, तो फक्त ओढ मोजतो. स्विच खरोखर बिघडला असता तर आत छान आखूड, तरतरीत, पिवळसर पांढरी ज्वाळा नाचत असती, काच स्वच्छ असती आणि तरी स्टोव्ह मध्येच बंद पडला असता. तुमच्याकडे काच काळी, ज्वाळा लांबट मरगळलेली, पॉटमध्ये ढीग, वर व्हॅक्यूमचा एरर. या चार वेगळ्या तक्रारी नाहीत, चौघी एकच गोष्ट सांगताहेत: आगीला हवा पुरत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली गेली आहे.

इग्नायटरचंही तेच. स्टोव्ह दर वेळी पेटत होता, मग वीस मिनिटांनी विझत होता. इग्नायटरचं काम पेटवून देण्यापर्यंतच, आग धरली की तो बंद होतो. तो निर्दोष होता. जुना फेकला नसेल तर ठेवून द्या, सुटा पार्ट म्हणून कामाला येईल.

दुसरी गोष्ट, ‘मी रोज साफ करते’. करताच, त्यात शंका नाही. पण तुम्ही साफ करता ते आगीपुढचं अंगण. धूर जातो मागच्या दाराने. पॉटमधून उठलेला धूर वर जाऊन उष्णता घेणाऱ्या नळ्यांभोवती फिरतो, मग मागच्या पत्र्याआडून खाली उतरतो, ओढणाऱ्या पंख्याच्या पोटात शिरतो आणि तिथून नळीत जातो. प्रत्येक वळणावर तो थोडी थोडी राख ठेवून जातो. ‘तीन वर्षं चांगला चालला, म्हणजे आता एखादा पार्टच गेला असणार’ हा तुमचा तर्क मला म्हणूनच उलटा वाटतो. पार्ट जायचा तर एका दिवसात जातो. राख तीन वर्षं लावते.

तिसरी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे, आणि माझी नजर तिथेच अडकली. यंदा नव्या खिडक्या बसवल्या. स्टोव्हचा त्रास कधीपासून? यंदापासून! स्टोव्ह जितकी हवा बाहेर फेकतो तितकी कुठून तरी आत यावी लागते. काही स्टोव्हना त्यासाठी बाहेरून हवेचा वेगळा पाइप जोडलेला असतो. तो नसेल तर स्टोव्ह खोलीतलीच हवा घेतो, आणि जुन्या खिडक्यांच्या फटी आजवर ती हवा गुपचूप पुरवत होत्या. आता घर घट्ट झालं. त्यात ओट्यावरचा किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला की तोही त्याच हवेवर हक्क सांगतो. घरातलाच दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि स्टोव्हचा छोटा पंखा या रस्सीखेचीत हरतो.

याची परीक्षा फुकट आहे, पण ती स्विच जागेवर लावल्यावरच करायची. स्टोव्ह पेटवून स्थिर होऊ द्या, मग जवळची खिडकी चार बोटं उघडा आणि दोन-तीन मिनिटं ज्वाळेकडे बघत बसा. ती आखडली, उजळली, हलायला लागली तर खिडक्यांचा यात हात आहे. तसंच असेल तर कायमचा उपाय म्हणजे बाहेरच्या हवेचा पाइप. ते काम माहीतगाराकडून करून घ्या. आधीच पाइप असेल तर त्याच्या बाहेरच्या तोंडाची जाळी बघा. पालापाचोळा, कोळ्याची जाळी, बर्फ, काहीही सापडतं.

पण नुसत्या खिडकीने भागेल असं मला वाटत नाही. चौथा हिवाळा आणि मागची बाजू कधी उघडलेली नाही म्हटल्यावर राख आहेच. तर साफसफाई. ‘मला यंत्रातलं कळत नाही’ हे वाक्य इथे बाजूला ठेवा, कारण यात यंत्रातलं कळण्यासारखं फारसं नाहीच. पाना फिरवता येणं, आणि काय कुठून काढलं याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं, एवढं पुरतं.

स्टोव्ह पूर्ण थंड हवा. काल रात्री विझवला असेल तर आज दुपारी. प्लग आता काढायचा. राख ओढायला घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. ही राख इतकी बारीक असते की त्याच्या फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर बसते, आणि एखादा जिवंत कण राहिला असेल तर पिशवीच पेटते. राखेसाठी वेगळा व्हॅक्यूम मिळतो, तोच हवा. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा घराबाहेर, लाकडी फळीवर नाही. राखेच्या पोटात निखारे दिवसच्या दिवस टिकतात.

सुरुवात पॉटपासून. तो उचलून उजेडाकडे धरा आणि तळाची भोकं मोजून बघा. सगळ्यांतून उजेड आला पाहिजे. काही भोकं काचेसारख्या कडक खड्यांनी बुजलेली असतील. राखेतली माती-वाळू जास्त तापमानाला वितळून असे खडे होतात. जाड तार किंवा भोकात बसेल असा खिळा घेऊन प्रत्येक भोक मोकळं करा. पॉट परत बसवताना तो खाली टेकून सपाट बसला ना, ते बघा. खाली राखेचा चिमूटभर थर राहिला तरी पॉट तिरका बसतो, आणि हवा भोकांतून वर न येता बाजूने निसटते.

मग मागचा पत्रा. बहुतेक स्टोव्हमध्ये आगीच्या मागे विटेसारखं नक्षीचं पान किंवा पत्र्याचा पडदा असतो, दोन-चार स्क्रू किंवा खिट्ट्या काढल्या की तो निघतो. नेमकं कुठे ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल. तो काढायच्या आधी रबरी हातोडीने, नसेल तर मुठीने, मागच्या भिंतीवर हलके ठोके द्या आणि कान द्या. मी पहिल्यांदा माझ्या स्टोव्हवर हे केलं तेव्हा आतून सळसळ ऐकू आली, सुपातून रवा ओतल्यासारखी, आणि ती थांबेचना. मीही तेव्हा रोज राख काढणारा शहाणा होतो. त्या दिवशी दीड बादली निघाली.

त्यानंतर धूर ओढणारा पंखा. इथे पुष्कळ जण थांबतात, आणि बहुधा दुखणं इथेच असतं. पंखा त्याच्या घरातून काढायला साधारण सहाएक बोल्ट, मधे एक गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी. पात्यांवर राखेचा लेप बसला असेल तर पंखा तेवढ्याच वेगाने फिरतो, आवाजही तोच, पण हवा ढकलत नाही, कारण पात्यांचा खोलगटपणाच भरून गेलेला असतो. मऊ ब्रशने साफ करा, पाती वाकवू नका, मोटरमध्ये पाणी जाऊ देऊ नका. गॅस्केट फाटलं तर नवं लावूनच पंखा बसवा. जुनं दुमडून चालवलं तर खोलीत गळणारा धूर तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलात असं समजा.

पुढे नळी. स्टोव्हच्या मागे टी आकाराचा जोड असतो, त्याच्या तळाला झाकण. खाली वर्तमानपत्र अंथरून ते उघडा. मग मापाच्या ब्रशने नळी शेवटपर्यंत, आणि बाहेरच्या टोकाची टोपी. त्या टोपीला जाळी असेल तर ती काजळीने गच्च होते. उन्हाळ्यात गांधीलमाश्यांनी किंवा पक्ष्यांनी घर केलेलंही सापडतं. टोक छपरावर असेल तर स्वतः चढू नका, तेवढ्यासाठी मेकॅनिकची वाट बघा.

आता ती रबरी नळी, जिच्यावरून एवढं रामायण झालं. आधी ती स्विचकडून सोडवा. हा क्रम चुकवू नका. नळी स्विचला लावलेली असताना तिच्यात फुंकर मारली किंवा कॉम्प्रेसर लावला तर आतला पडदा फाटतो, आणि मग स्विच खरोखरच बिघडतो. सोडवल्यावर नळीत फुंका, वाकवून भेगा बघा. तिचं दुसरं टोक धातूच्या ज्या बारीक नळकांडीला बसतं तिच्या तोंडाशी राखेचं बूच असतं. पातळ तार घालून ते काढा. कित्येकदा एवढ्यानेच एरर जातो.

शेवटी दार. दाराभोवती जी दोरीसारखी जाडसर पट्टी असते तेही गॅस्केटच. कागदाची पट्टी दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. घट्ट बसली पाहिजे. सहज सुळकन आली तर तिथे दार चिकटत नाही. चारही बाजूंनी, बिजागरीकडेही, आणि राखेच्या कप्प्याच्या दारालाही हेच करून बघा. त्या खालच्या दाराकडे कुणाचं लक्ष नसतं. गळती असेल तर पंखा पॉटमधून हवा ओढण्याऐवजी फटीतून ओढतो. पट्टी मापाची घ्या, जुनीची जाडी मोजून.

एवढं सगळं झाल्यावर स्विच जागेवर लावून स्टोव्ह पेटवा. ज्वाळा चांगली, काच स्वच्छ, आणि तरीही व्हॅक्यूमचा एरर आला, तर आणि तरच स्विचवर संशय घ्यायचा. त्याची खात्री मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून मेकॅनिक करून देईल. नवा घ्यायची वेळ आली तर त्याच कंपनीचा, त्याच दाबाचा. दिसायला सारखा असलेला दुसरा स्विच कमी ओढीलाही ‘सगळं ठीक’ म्हणू शकतो, आणि मग तो नसल्यातच जमा.

याच सुमारास आलेल्या इतर पत्रांतले प्रश्न थोडे वेगळे आहेत, त्यांचंही इथेच उरकतो.

पेलेट्स पडतच नाहीत, ही तक्रार बरेच जण करतात आणि पुढच्याच ओळीत ‘ऑगरची मोटर गेली’ म्हणून मोकळे होतात. आधी हॉपरमध्ये हात घाला, स्टोव्ह बंद करून. वरून भरलेला दिसतो, पण आत पेलेट्सची कमान होते आणि खाली पोकळी राहते. भुसा साठला की हे हमखास होतं. हॉपरचं झाकण नीट बंद आहे का? अनेक मॉडेलमध्ये झाकणाला स्विच असतो आणि झाकण उघडं असलं तर ऑगर हलत नाही. स्टोव्ह फार तापल्यावर तोडणारा एक थर्मल स्विच असतो, त्यावर छोटं बटण असलं तर ते दाबून परत लावावं लागतं. पण तो का तुटला ते शोधा, नुसतं बटण दाबत बसू नका. बहुधा खोलीत गरम हवा फेकणारा पंखा धुळीने कोंदलेला असतो.

हे सगळं ठीक असेल तर ऑगरकडे बघा. तो सलग फिरत नाही. मिनिटाला जेमतेम एक ते चार-पाच फेऱ्यांची गियरची मोटर, तीही थोडा वेळ फिरून थोडा वेळ थांबणारी, म्हणून दोन मिनिटं धीर धरून बघावं लागतं. मोटरचा दांडा फिरतो पण ऑगर फिरत नाही, तर मधला सेट स्क्रू किंवा पिन सुटली आहे, एल-कीचं काम. मोटर घुरघुरते, जरा पुढे जाऊन मागे येते, तर ऑगर अडकला आहे किंवा गियरचे दात गेले आहेत. प्लग काढून मोटर ऑगरपासून सोडवा, मग परत चालवून बघा. एकटी गुमान फिरली तर अडचण ऑगरमध्ये, बहुधा ओल लागून फुगलेल्या पेलेट्सचा सिमेंटसारखा गोळा. एकटीही अडखळली तर मोटर बदला. दोन मिनिटांची ही तपासणी न करता नवी मोटर घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

पेटतच नाही, पॉटमध्ये पेलेट्सचा ढीग तसाच, अशी तक्रार असेल तेव्हा इग्नायटरवर संशय घ्यायला हरकत नाही. प्लग काढून, त्याच्या दोन वायरी सोडवून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. ३०० वॉटचा इग्नायटर २३० व्होल्टवर साधारण १७५ ओहम दाखवेल, १२० व्होल्टवर ४८ च्या आसपास. आकडाच येत नसेल तर तो तुटला. आकडा बरोबर असेल तर पॉटला इग्नायटरसमोर जे भोक असतं ते बघा. मी एकदा लागोपाठ दोन इग्नायटर बदलले होते. दुसराही पेटेना तेव्हा कुठे वाकून पाहिलं, तर त्या भोकात बोराएवढा खडा बसला होता.

पेटतं, छान जळतं, आणि दहा-पंधरा मिनिटांनी काही एरर न दाखवता किंवा ‘ज्योत नाही’ म्हणत बंद होतं, तर धुराचं तापमान बघणारा सेन्सर राखेने माखलेला असतो, म्हणून त्याला आग लागल्याचं कळतच नाही. पुसून बघा. आणि हो, यालाही वायर जोडून गप्प करू नका.

वीज जाण्याबद्दल एकाने विचारलं आहे. वीज गेली की पंखा थांबतो, पॉटमध्ये मात्र निखारे असतात, आणि नळी नुसती आडवी असेल तर धूर खोलीत येतो. नळीला काही उभी चढण असेल तर बराच धूर आपसूक बाहेर जातो. बॅटरी बॅकअप लावणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. स्वस्तातल्या चौकोनी वेव्हवर या मोटरी गुणगुणतात आणि तापतात.

आता परत पहिल्या पत्राकडे. पेलेट्सबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण पिशवी एकदा वाचून बघा. ईएनप्लस (पेलेट्सच्या दर्जाचं युरोपीय प्रमाणपत्र) ए-१ दर्जाच्या पेलेट्समध्ये राख जास्तीत जास्त ०.७ टक्के आणि ओलावा १० टक्क्यांच्या आत असावा लागतो. राखेचं प्रमाण दुप्पट झालं तर सफाईचे दिवस निम्म्यावर येतात, इतकं सरळ गणित आहे. मूठभर पेलेट्स पाण्याच्या ग्लासात टाकली तर ती फुगून भुसा होतात. तळघरातल्या फरशीवर टेकलेली पिशवी हेच काम सावकाश करते. यंदा वेगळी पेलेट्स घेतली असतील तर तेही आठवून बघा.

राहिला विकण्याचा प्रश्न. विकायचा असेल तर विका, त्यात गैर काही नाही. घर आता थोडक्यात गरम होत असेल तर तो हिशेब तुमचा. पण साफ करून, स्विच जागेवर लावून विका. वायर जोडलेला स्टोव्ह दुसऱ्याच्या घरात पाठवणं म्हणजे तुमची ही पहाट त्यांच्या गळ्यात घालणं. आणि मला वाटतं, एकदा साफ झाल्यावर तुमचा विकायचा विचार बदलेल. बिघाडाने वैतागून काढलेली वस्तू बहुतेक वेळा दुरुस्त झाल्यावर परत हवीशी वाटते.

आणि दीर. तुम्ही पत्रात सरळ लिहिलं नाहीत, पण खरी धास्ती त्यांना दुखवण्याची आहे, हे ओळींमधून दिसतंय. त्यांनी वाईट हेतूने केलं नाही. यंत्र दुरुस्त करणाऱ्या हुशार माणसांना थांबलेलं चक्र फिरवायची सवय असते, आणि बहुतेक यंत्रांत ती उपयोगीच पडते. फक्त हे यंत्र थांबायला शिकवलेलं आहे. त्यांना ‘तुम्ही चूक केलीत’ म्हणू नका. म्हणा, ‘भाऊजी, वायर जोडल्यावर काच अजून काळी का होते, एवढं समजावून सांगा ना.’ ज्याला यंत्रांची आवड आहे तो या प्रश्नाशी अडखळेल, स्टोव्ह उघडून बसेल, आणि पंखा काढायला तुम्हाला आयता हात मिळेल. नवऱ्याला मात्र असं वळसा घालून सांगू नका. त्यांना एवढंच सांगा, की आई तिथे झोपतात.

मेकॅनिकची वेळ रद्द करू नका. पंखा उघडायचं जमलं नाही किंवा बोल्ट गंजून बसले असतील तर जोर लावून तोडण्यापेक्षा तो येईपर्यंत स्टोव्ह थंड राहू दे. तोवर एका वहीत दोनच गोष्टी लिहा: शेवटच्या पूर्ण सफाईनंतर किती पिशव्या जळल्या, आणि काच किती दिवसांनी काळी झाली. दिवस कमी व्हायला लागले की एरर येण्याआधीच तुम्हाला कळेल.

आणि खिडकी उघडून ज्वाळा पाहिलीत की मला कळवा, काय झालं ते. माझी पैज राखेवर आहे, पण खिडक्यांनी मला हरवलं तर आवडेल.